कण्हाचा अंतेवासी

(महोत्सवी वर्षांत कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशीं धर्मग्रामांतील नोकरदार तरुणतरुणींपुढें दिलेलें भाषण)



आज पहाटेची मिस्सा आटोपून आपण सर्व कर्जतहून येथवर आलों, गांव मागें टाकून रानवाट चढलों, आणि आतां या कातळाच्या सावलींत टेकलों आहों. पुष्कळांचे डोळे अद्याप जड दिसतात. तुमच्यापैकीं कांहीं जण रातपाळी करून थेट इकडे आले आहेत, आणि कांहींनीं काल रात्रीं उशिराच्या लोकलनें घर गाठलें, हें आम्हांस ठाऊक आहे. यास्तव आम्ही फार वेळ घेणार नाहीं. वेदीपुढें आमची लांबण तुम्ही निमूटपणें सोसतां. येथें उपाशी पोटीं, डब्यांचा वास येत असतां, तुम्हीं ती सोसावी अशी अपेक्षा करणें बरें नव्हे.

महोत्सव समितीनें विषय दिला तो असा कीं, नोकरींत राहून काम शिकावें कसें, आणि कामाच्या धबडग्यांत प्रकृति राखावी कशी. समितीस हे दोन निरनिराळे विषय वाटले, व आम्हांसही तसेंच वाटलें होतें. पहिल्यावर कांहीं बोलावें, दुसऱ्यावर कांहीं बोलावें, मध्यें शुभवर्तमानांतील एखादें वचन घालावें, असा आमचा बेत होता. परंतु गेल्या महिन्यांत ही जागा पाहून ठेवावी म्हणून आम्ही येथें आलों, दगडावरील एका ओळीपुढें उभे राहिलों, आणि तो बेत तेथेंच मोडला.

ती ओळ चैत्याच्या दर्शनी भागीं, भग्न झालेल्या मूर्तीजवळ आहे. जेवण झाल्यावर ज्यास पाहावयाची असेल त्यानें आमच्याबरोबर यावें. लिपि ब्राह्मी आहे. आम्हांस ती वाचतां येत नाहीं, परंतु जाणत्यांनीं ती केव्हांच वाचून ठेविली आहे. तिचा अर्थ इतकाच कीं, कण्हाचा अंतेवासी बलक यानें हें केलें. कण्ह म्हणजे कृष्ण. हीं लेणीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलीं गेलीं, आणि त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानितात. म्हणजे नाझरेथच्या सुतारशाळेंत बाळ येशूनें रंधा हातीं धरला त्याच्याही आधीं बलकाची छिन्नी येथें वाजून गेली होती.

दगडांत नांव कोरावयाचें म्हणजे एकेका अक्षरास मेहनत. अशा ठिकाणीं मनुष्य अगत्याचें असेल तेवढेंच लिहितो. बलकानें बापाचें नांव लिहिलें नाहीं, गांवाचें लिहिलें नाहीं, किती वर्षें खपलों तेंही लिहिलें नाहीं. आपण कोणापाशीं शिकलों एवढें मात्र लिहिलें. घाटावर कार्ल्यास गेलां तर खांबाखांबावर दात्यांचीं नांवें आढळतील. ज्यानें पैसा दिला त्याचें नांव जगांत सहसा राहतेंच. (आमच्याही चर्चमधील बांकांवर तीं आहेत, व त्याबद्दल आमची तक्रार नाहीं.) परंतु ज्यानें हात चालविला त्याचें नांव, आणि त्या हातास ज्यानें वळण लाविलें त्याचेंही नांव, असें एका ओळींत क्वचित् पाहावयास मिळतें.

तो शब्दही पाहण्याजोगा आहे. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा. शिष्य, विद्यार्थी, छात्र असे अनेक शब्द असतां येथें हाच आला आहे. जो जवळ राहतो तो शिकतो, असें त्यांत गृहीत आहे.

आणि हें काम होतें तरी कसें? आंत जाऊन पाहा. दगडांत लांकडी घराची हुबेहूब नक्कल केलेली आहे: कमानी, वासे, कठडे, जाळ्या. चैत्याच्या छतास तर एके काळीं खऱ्या लांकडाच्याच कमानी होत्या. ठिकठिकाणीं अर्धवट राहिलेल्या लेण्यांवरून असें दिसतें कीं, असलें खोदकाम छतापासून सुरू होऊन खालीं उतरत जाई. सुताराचा घाव चुकला तर फळी बदलतां येते. येथें अख्खा डोंगर हीच फळी. खांबाची जागा चुकून फोडली तर ती पुन्हा जोडतां येणार नाहीं. मग कण्हानें बलकाच्या हातीं छिन्नी पहिल्या दिवशीं दिली असेल काय? आमचा तर्क असा आहे कीं, प्रथम त्यानें त्याजकडून राडारोडा वाहविला असेल, छिन्न्यांस धार लावून घेतली असेल, आणि तें करीत असतां पोराची नजर आपल्या मनगटावर आहे कीं रानाकडे, तें पाहिलें असेल. हा केवळ तर्क; परंतु तुमच्यापैकीं जे हेल्पर म्हणून लागले ते यावर माना डोलवीत आहेत.

आमच्या धर्मग्रामांत एक वृद्ध फिटर आहेत. ते खालापूर तालुक्यांतील एका कारखान्यांतून आतां निवृत्त झाले आहेत, आणि नांव घेतलें तर रागावतील. स्क्रूड्रायव्हरचें टोंक ते चालत्या यंत्राच्या बेअरिंगपाशीं टेंकवीत, मूठ कानाशीं धरीत, आणि यंत्राचें दुखणें कोठें आहे तें सांगत. मग तीच मूठ हेल्परच्या कानाशीं नेऊन म्हणत, "ऐक." पोरास कांहीं ऐकूं येत नसे. दुसऱ्या दिवशीं पुन्हा "ऐक." असें शंभरदां झाल्यावर एके दिवशीं पोर आपणहून म्हणे, "काका, आज खरखर वेगळी आहे." हें ज्ञान कोणत्या पुस्तकांत लिहावें? ठाण्याच्या रुग्णालयांत परिचारिका असलेल्या आमच्या मुलीही हेंच सांगतात: रोग्याचा चेहरा पाहून त्याचें बिनसलें आहे हें वडील सिस्टरला आधीं कळतें, यंत्रास मागाहून. तें तिला कसें कळलें हें ती सांगूं शकत नाहीं. तिच्या शेजारीं उभें राहूनच तें घ्यावें लागतें.

आजकाल पुष्कळ ठिकाणीं नव्या मुलास थंड खोलींत बसवून पडद्यावर चित्रें दाखवितात, कागदावर सही घेतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तो शिकलेला समजला जातो. त्या सहीचा उपयोग कोणास होतो हें तुम्ही जाणतां. शिकाऊ उमेदवारांसाठीं सरकारनें 1961 सालीं कायदा केला, तो उत्तम केला. परंतु कायदा मुलास कारखान्यांत ठेवूं शकतो. कोणाच्या जवळ ठेवूं शकत नाहीं. तें जवळपण तुमचें तुम्हांसच मिळवावें लागेल. जेवणाच्या सुटींत मोबाइलमध्यें डोकें घालण्याऐवजीं जो जुना मिस्त्री एकटा बसतो त्याच्या शेजारीं डबा उघडा. खिशांत लहानशी वही ठेवा. एकच प्रश्न दोनदां विचारतां लाज वाटते म्हणून पुष्कळ मुलें न समजतांच मान हालवितात; पुढें बोट जातें तें त्या मान हालविण्यानें जातें.

येथपर्यंत समितीचा पहिला विषय झाला असें तुम्ही म्हणाल. परंतु अंतेवासी या शब्दाचा दुसरा अर्धा भाग अद्याप राहिलाच आहे.

आमच्या सेमिनरींत बौद्धांचे ग्रंथ शिकवीत नसत. पाली वाङ्मय मराठी वाचकांपुढें ज्यांनीं आणिलें त्यांत गोमंतकांतील धर्मानंद कोसंबी अग्रणी होत. आम्ही त्या वाटेस उतारवयांत लागलों. विनयपिटकाच्या महावग्गांत आचार्य व अंतेवासी यांचीं परस्परांशीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांत असें आहे कीं, अंतेवासी आजारी पडला तर आचार्यानें त्याची शुश्रूषा करावी व तो बरा होण्याची वाट पाहावी. आणि आचार्य आजारी पडला तर अंतेवासीनेंही तसेंच करावें. हे नियम भिक्षूंचे आहेत, पाथरवटांचे नव्हेत, हें आम्हांस कळतें. परंतु शब्द तोच, आणि हीं लेणीं ज्यांच्यासाठीं कोरलीं तेही भिक्षुच. शिवाय संसारी लोकांसाठीं दीघनिकायांत सिगालोवाद सुत्त आहे. त्यांत धन्यानें चाकरांशीं कसें वागावें तेंही सांगितलें आहे: अंगांत जेवढें बळ तेवढेंच काम द्यावें, अन्न व वेतन द्यावें, आजारांत काळजी घ्यावी, कांहीं गोडधोड आलें तर वांटून खावें, आणि वेळेवर सुटी द्यावी. हें वाचून आम्ही पुस्तक मिटलें व कांहीं वेळ तसेच बसलों. त्याचें कारण निराळें होतें, आणि तें आज तुम्हांपुढें सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे एक तरुण रविवारच्या मिस्सेनंतर आला. तो आज येथें बसला आहे, आणि त्याच्या संमतीनेंच आम्ही बोलत आहों. एका कारखान्यांत तो कंत्राटी कामावर होता. पाळी बारा तासांची; कोणी आला नाहीं तर पुढची पाळीही गळ्यांत पडे. घरावर कर्ज होतें. तो म्हणाला, "फादर, दिवसा झोंप येत नाहीं. परततांना रस्ता डोळ्यांपुढें पुसट होतो. ओव्हरटाइम सोडावा कीं नोकरीच सोडावी, कळत नाहीं." आम्हीं त्यास काय सांगितलें? श्रम हीच पूजा, असें सांगितलें. धीर धर, हप्ते फिटले म्हणजे सर्व ठीक होईल, असें सांगितलें. खांद्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्या सकाळीं आम्हांस आणखी दोन बैठकींस जावयाचें होतें. त्याचें पुरतें ऐकून घेण्यास आम्हांस पांच मिनिटेंही झालीं नसतील.

तीन आठवड्यांनीं रातपाळीवरून घरीं येतां मोटारसायकलवर त्याची डुलकी गेली. पाय दोन ठिकाणीं मोडला. जीव वांचला, ही देवाची कृपा.

आम्ही सायंकाळीं रुग्णालयांत पोहोंचलों, तों खाटेशेजारीं स्टुलावर एक वृद्ध गृहस्थ बसलेले. ते तेच फिटर. ते तेव्हां नोकरींतच होते, व हा मुलगा त्यांच्याच हाताखालीं शिकत होता. स्वतःची पाळी संपवून ते सरळ तेथें आले होते, आणि घरून आणविलेली तांदळाची भाकरी मोडून पोरास भरवीत होते. आम्हीं सहज विचारलें, तेव्हां कळलें कीं, त्यांनीं त्यास आधींच बजावलें होतें, "अरे बाबा, आज ओव्हरटाइम घेऊं नको, तुझे डोळे बरे दिसत नाहींत." त्यावर मुलगा म्हणाला होता, "काका, फादरनींच सांगितलें आहे, धीर धर म्हणून."

त्या गृहस्थांनीं हें तक्रार म्हणून सांगितलें नाहीं. आम्हीं विचारलें म्हणून सांगितलें, आणि पुन्हा भाकरी मोडूं लागले. तीस वर्षें आम्ही वेदीवरून श्रमाचें माहात्म्य सांगत आलों. त्या पोराच्या डोळ्यांकडे मात्र फिटरनें पाहिलें, आम्हीं पाहिलें नाहीं.

तेव्हांपासून या विषयावर आम्ही डॉक्टरांस विचारूं लागलों, व थोडेंबहुत वाचूंही लागलों. मनुष्य सतरा तास सलग जागा राहिला तर त्याचें लक्ष व हातांची चपळाई हीं थोडी दारू प्याल्यासारखीं मंद होतात, असें 1997 सालीं प्रयोगानें दाखविण्यांत आलें. दारू पिऊन गाडी हांकणाऱ्यास आपण नांवें ठेवितों. जागरण करून हांकणाऱ्यास कष्टाळू म्हणतों. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं मिळून 2021 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, आठवड्यास 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांस 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या मानानें पक्षाघाताचा धोका सुमारें 35 टक्के अधिक असतो, आणि हृदयविकारानें मृत्यु येण्याचा 17 टक्के अधिक. तुम्ही आपापले तास मोजा. कर्जतहून मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें 100 किलोमीटर. जातां दोन तास, येतां दोन तास, आणि तेही पुष्कळदां उभ्यानें. हे चार तास कोणत्याच हजेरीपटांत नसतात, शरीराच्या हिशेबांत मात्र असतात.

आतां जरा समोर, दरीच्या पलीकडे पाहा. त्या डोंगरांतून भोर घाटाचा रेल्वेमार्ग गेला आहे. त्याचें काम 1856 सालीं सुरू झालें व 1863 च्या एप्रिलांत मार्ग खुला झाला. सुमारें 16 मैलांत 1,831 फूट चढ आणि 25 बोगदे. 1861 च्या आरंभीं एकट्या या घाटावर 42,000 हून अधिक मजूर राबत होते. सुरुंगानें, दरडींनीं, आणि त्याहूनही अधिक पटकी व तापानें, हजारों माणसें मेलीं. मजुरी थकली म्हणून 1859 च्या आरंभीं दंगाही झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा नवा कंत्राटदार इंग्लंडहून आला, तो थोड्याच आठवड्यांत आजारानें वारला. कंत्राट त्याच्या विधवेनें, अॅलिस ट्रेडवेल बाईनें, हातीं घेऊन तडीस नेलें. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यानें हा मार्ग आंखला; त्याची प्रकृति ढासळली, तो मायदेशीं परतला, आणि घाटांतून पहिली गाडी जाण्यापूर्वींच, 1862 सालीं, मरण पावला. त्याची चाळिशी नुकतीच उलटली होती. बर्कली व ट्रेडवेल यांचीं नांवें पुस्तकांत सांपडतात. बाकीच्यांचीं कोठें कोरलेलीं नाहींत. दोन हजार वर्षांपूर्वींचा बलक आपणांस नांवानें ठाऊक आहे, आणि आपल्या खापरपणजोबांच्या काळचे हे हजारों मजूर नाहींत. दरीच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा हा फरक.

रविवारची गोष्टही सांगून टाकतों, कारण रविवार हा आमचाच दिवस असें आम्ही धर्मगुरु समजून चालतों. मुंबईच्या गिरणीकामगारांस तो सुटीचा दिवस म्हणून मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें. ते महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनीं 1884 सालीं कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या केल्या त्यांत आठवड्याची एक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति, आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, अशा होत्या. सुटीची मागणी 10 जून 1890 रोजीं मान्य झाली. श्रमिकांविषयीं पोप तेरावे लिओ यांचें प्रसिद्ध परिपत्र निघालें तें 1891 सालीं. त्यांत खाणींत दगड व कोळसा काढणाऱ्यांचे तास त्यांच्या श्रमाच्या मानानें कमी असावेत असें सांगितलें आहे. म्हणजे विश्रांतीच्या बाबतींत लोखंडे आमच्या पोपमहाराजांच्या एक वर्ष पुढें होते! 1897 च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करितां करितां तेही प्लेगानेंच गेले.

आतां आमच्या स्वतःच्या देहाविषयीं थोडेंसें. वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं डॉक्टरांनीं आम्हांस रक्तांतील साखर दाखविली. आम्ही म्हणालों, आम्हांस वेळच मिळत नाहीं. ते म्हणाले, "फादर, कबुलीजबाबाच्या वेळीं लोक तुम्हांस हेंच सांगत असतील." तेव्हांपासून आम्ही सकाळीं अर्धा तास चालतों, रात्रीं आठाच्या आंत जेवतों, आणि दुपारीं वीस मिनिटें दार लावून पडतों. आमच्या तरुणपणीं ज्या वृद्ध धर्मगुरूंच्या हाताखालीं आम्ही होतों ते असेच दुपारीं पडत, व आम्ही मनांत त्यांस आळशी म्हणत असूं. प्रवचन कसें करावें, रोग्याच्या खाटेशीं कसें बसावें, हें आम्ही त्यांच्यापासून घेतलें. पडणें तेवढें घेतलें नाहीं. तें घ्यावयास साखर व्हावी लागली.

तुम्हांसही असेंच सांगणें आहे. स्टेशनावरचा वडा कधींमधीं खा; कर्जतला राहून तो सोडा असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु रोजची न्याहारी तो होऊं नये. आदले रात्रीं भाकरी-भाजी बांधून ठेवितां येते. रातपाळीवाल्यांनीं घरीं जाऊन खिडकीवर जाड चादर टांगावी, आणि घरच्यांनीं त्या वेळीं टी. व्ही. बंद ठेवावा, आयांनो, हें तुमच्याकडे लागलें. गाडीवर डोळे मिटूं लागले तर गाडी कडेला लावून तेथेंच पडावें. उशीर झाला म्हणून कोणी मरत नाहीं. ज्याच्या हाताखालीं एखादें नवें पोर आहे त्यानें त्यास पाना धरावयास शिकवितांना, आज जेवलास काय, किती वेळ निजलास, हेंही विचारावें. आणि कोणी आमच्याकडे थकून आला तर आम्हीं त्यास प्रथम बसावयास सांगावें, एवढा नेम आम्ही आपल्यापुरता केला आहे.

येथून पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांस कर्जतला मागून जादा इंजिनें जोडतात, हें तुम्ही लहानपणापासून पाहत आलां आहां. ती गाडी दुबळी म्हणून कोणी हंसत नाहीं. चढच तसा आहे.

असो. डबे उघडा. जेवून झालें म्हणजे पाहावयास येणाऱ्यांनीं चैत्यापाशीं जमावें. मूर्तीस व भिंतींस हात लावूं नये, आणि खरकटें येथें टाकूं नये. जे काल रातपाळीस होते त्यांनीं मात्र लेणीं पाहावयास येऊं नये. त्या झाडाखालीं सतरंजी अंथरली आहे. त्यांनीं तेथें निजावें. चार वाजतां आम्ही स्वतः येऊन उठवूं.